तीन मिनिटं झाली

रद्दीवाल्याकडून ताणकाटा मागून आणलाय.
पंख्याच्या हुकाला बॅग टांगून
स्टुलावर चढून वाचते: साडेचोवीस.
दीड किलो कुठून काढू?
भाजणी निघणार नाही. मेतकूट तर नाहीच.
शेवटी निघाली माझीच जाड शाल
आणि सांडगी मिरच्यांची निम्मी पिशवी,
ती रिबेलोबाईंच्या दारात ठेवली, किल्ल्यांसोबत.

फोर्टातल्या त्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर,
एकतीस वर्षं मी लोकांना परदेश जोडून दिला.
समोर भोकांची भिंत, हातात प्लगची दोरी.
शहरं मला आवाजानं ठाऊक.
नैरोबीची बाई सतत खोकायची.
त्रिएस्तेचा एक म्हातारा ऑपरेटर
लाईन लागेपर्यंत दर वेळी विचारायचा,
"बॉम्बे, तुमच्याकडे किती वाजले?"
समोर घड्याळ असणारच त्याच्या. तरी मी सांगायचे.

आणि नेमकी कुणाची तरी आई रडायला लागली
की मध्ये मलाच बोलावं लागे:
तीन मिनिटं झाली. वाढवायची आहेत?
बहुतेक जण वाढवत नसत.
घाईघाईनं म्हणत, सगळं ठीक आहे इकडे,
आणि मी दोरी ओढून घ्यायचे.

गेल्या साली शलाकानं तिकीट काढलं,
माहीमहून गोथेनबर्ग, एका रात्रीत.
म्हटलं, बदल ते. मी वाटेत राहत येईन.
"वाटेत कुठे?"
त्रिएस्तेला. महिनाभर.
"तिथे कोण आहे आपलं?"

पाहिलं काय, म्हणाल, तर फारसं काही नाही.
समोरच्या गच्चीत वाळणारी निळी गोधडी.
पाचव्या दिवसापासून न विचारता
कडक भाजलेला पाव काढून ठेवणारा बेकरीवाला.
वारा असा की कोपऱ्याकोपऱ्यावर
माणसांनी धरायला दोर बांधलेले.
मी धरला. जुनी सवय.
म्हाताऱ्याला शोधलं नाही.
फक्त एकदा, चर्चचे टोले पडताना,
हळूच म्हटलं, इकडे साडेनऊ झाले, साहेब.

मग लेकीकडे.
पहिला आठवडा मी पाहुणी.
तिसऱ्यात मी तिच्या डब्यांच्या जागा बदलल्या,
चौथ्यात तिनं त्या परत बदलल्या.
निहार झोपेत त्यांच्या भाषेत बडबडायचा,
मी उशाशी बसून हुं हुं करायचे.
अनिमिष उशिरा यायचा. फार उशिरा.
वर्षभर फोनच्या पडद्यावर तिघं हसत होती,
दर रविवारी, फुकट, हवा तेवढा वेळ,
आणि तिन्ही त्रिकाळ सगळं ठीक होतं.

अठ्ठ्याहत्तराव्या दिवशी, रात्री,
ओट्याशी पाठमोरी उभी राहून
तोच एक कप पुन्हा पुन्हा धूत
शलाका म्हणाली, "आई, आम्ही वेगळं राहायचं ठरवतोय."
मी घड्याळ पाहिलं नाही.
नळ तेवढा बंद केला.
दूधवाले उठतात, त्या वेळेपर्यंत ती बोलत होती,
म्हणजे आपल्याकडचे दूधवाले. तिकडे ते नसतात.

नव्वदाव्या दिवशी विमानतळावर काचेमागचा मुलगा
शिक्का उमटवताना म्हणाला,
"मॅडम, तुमचे दिवस संपले."
किती नम्रपणे म्हणाला. शिकवावं लागतं ते.
मलाही शिकवलं होतं.

यंदा वाटेत मुक्काम नाही. सरळ जातेय.
तिचं नवं घर लहान आहे म्हणे,
डब्यांना फळी एकच.
उतरल्यावर मी काही विचारणार नाही.
भाजणी भिजवेन, थालीपीठ लावेन.
लागू देत तिला पुन्हा अठ्ठ्याहत्तर दिवस.

फ्रीज बंद केलाय. दारात पंचाची गुंडाळी,
म्हणजे आत वास धरत नाही.
रिबेलोबाई जिन्यातून ओरडतात,
"झाडांना रोज की एक दिवसाआड?"
एक दिवसाआड, मी सांगते,
पण पाणी घालून लगेच निघू नका.
थोडं बसा तिथे.